बाबांची सुटका आणि फ्रीजमधला बर्फ

तीर्थस्वरूप वन्सं,

तुम्हाला आणि भावोजींना माझा नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? शाळेतल्या त्या लाकडी खुर्चीवर उशी घ्यायला लागलात का, की मुख्याध्यापिका उशीवर बसलेली बघून पोरं हसतील म्हणून अजून तशीच कळ सोसताय? घ्या हो उशी. पोरं तशीही हसतातच. भावोजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. नसेल थांबला तर त्यांनी स्वतःवर प्रयोग करणं सोडून सरळ डॉक्टरकडे जावं, असं माझं नम्र मत आहे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हे वाक्य मी गेले कित्येक महिने सवयीने म्हणत होते आणि ते साफ खोटं होतं. आज ते खरं आहे, म्हणून जरा मोठ्याने वाचा.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात आलंच असेल. त्याचं कारण असं की आपला फोन असतो हॉलमध्ये, आणि आईंना (तुमच्या आई, माझ्या सासूबाई, मी पहिल्या दिवसापासून त्यांना आईच म्हणते हे तुम्हाला ठाऊक आहे) कमी ऐकू येतं म्हणून तो कायम स्पीकरवर असतो. त्यामुळे तुम्हाला एकटीला काही सांगायचं म्हटलं तर ते आई, बाबा, तुमचे बंधुराज आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, एवढ्यांना सांगावं लागतं. आजचं सांगणं फक्त तुमच्यासाठी आहे. शिलाई मशीनवर कापड ठेवून, त्याच्या आड कागद ठेवून लिहितेय. कोणी डोकावलं तर मी पडद्याला टिपा मारतेय.

तर मुख्य बातमी आधीच सांगून टाकते, कारण तुमच्यापाशी माझ्यासारखा धीर नाही. बाबांनी गोड खाल्लं नव्हतं. एकदाही नाही, चोरूनही नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. आपण सगळ्यांनी मिळून त्या माणसाला उगाच गुन्हेगार ठरवलं. आता हे कसं कळलं ते सांगते, आणि त्यासाठी आपल्या फ्रीजची सगळी कहाणी ऐकावी लागेल. त्याला इलाज नाही.

बाबांची साखर वाढायला लागली ते तुम्हाला माहीत आहेच. इन्सुलिन वेळेवर, जेवण मोजूनमापून, रोजचं फिरणं चालू, आणि तरी दर तपासणीला आकडा आधीच्यापेक्षा वर. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी आकडा ऐकेना. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं की पथ्य नीट पाळलं जातंय ना, आणि आम्ही तिघांनी एकाच वेळी माना वळवून बाबांकडे पाहिलं. (मला ते आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.) आता बाबांचा इतिहास काही उजळ नाही, हे मान्य. समोरच्या काकूंच्या नातीच्या वाढदिवसाला केकचा तुकडा रुमालात बांधून आणणारा माणूस तो. पण या वेळी ते शपथेवर सांगत होते की मी काही खाल्लेलं नाही, आणि जेवढं जास्त सांगत होते तेवढा आमचा संशय पक्का होत होता. आईंनी कपाटाला कुलूप लावलं. मी शिवणकाम करते म्हणून घरातल्या सगळ्या खिशांवर माझा हक्क. बटण लावायच्या निमित्ताने मी त्यांचे खिसे तपासायला लागले. तुमचे बंधुराज तर संध्याकाळी त्यांच्याशी बोलता बोलता जवळ जाऊन वास घ्यायचे. गाडी शिकवायचा धंदा असल्यामुळे शेजारच्या माणसावर नजर ठेवायची त्यांना सवयच आहे. फिरायला गेल्यावर बाबा ज्या बाकावर बसतात, तिथल्या त्यांच्या मित्रांचीसुद्धा उलटतपासणी झाली. त्यातले एक इतके रागावले की त्यांनी बाकच बदलला.

आणि मग त्या रविवारी तुमचा फोन आला. मी तुम्हाला दोष देत नाहीये, वन्सं. तुमच्या कानावर आम्हीच घातलं होतं, आणि जरा तिखटमीठ लावूनच घातलं होतं. या घरात तुमचा शब्द शेवटचा, म्हणून तुम्हीच समजवा असंही आम्हीच म्हटलं. पण तुम्ही म्हणालात, "बाबा, या वयात माझ्याशी खोटं बोलता?" स्पीकरवर. बाबांनी फोन टेबलावर ठेवला आणि आत गेले. त्यानंतर दर रविवारी तुमचा फोन आला की ते आंघोळीला गेलेले असतात. इतक्या आंघोळी कोणी करत नाही हो. ते बाथरूममध्ये स्टुलावर बसून तुमचा आवाज बंद व्हायची वाट बघत असतात. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगून तुम्हाला वाईट वाटण्यापलीकडे काय होणार होतं?

आता फ्रीज. त्याच सुमाराला फ्रीजचं बिनसायला लागलं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं आमच्या कोणाच्या डोक्यातही आलं नाही. वरच्या बर्फाच्या कप्प्यात सगळं दगड, आणि खाली दूध नासतंय, टोमॅटो सुरकुततायत, लोणी इतकं पातळ की अंगाला चोळावं. त्यात मधूनच मागून कर्रर्र असा आवाज यायचा, कोणीतरी आत बसून दात खातंय असा. मग आपल्या घरची रीत सुरू झाली. तुम्ही तर याच घरात वाढलात, तुम्हाला काय सांगायचं! आपल्याकडे प्रत्येक जण दुसऱ्याचं भलं करतो, पण गुपचूप. बोलून दाखवलं तर त्यात मोठेपणा दिसतो म्हणे. मी आतलं बटण फिरवून थंडी वाढवायची. आई ते कमी करायच्या, कारण वर भाजी गोठते. तुमचे बंधुराज ते मधोमध आणून ठेवायचे, कारण त्यांच्या मते जगातली सगळी यंत्रं मधोमध ठेवली की नीट चालतात. त्या बटणाला दिवसभरात इतक्यांदा हात लागत होता की ते कामाला असतं तर राजीनामा देऊन गेलं असतं.

शेवटी मी फ्रीजवाल्यांना बोलावलं. गृहस्थ चांगले आहेत, पोट सुटलेलं, बोलायची भारी हौस. येताना पिशवीत निम्मी हत्यारं आणि निम्म्या स्वतःच्या दुखण्यांच्या कहाण्या. ते आले, त्यांनी दार उघडलं, आणि फ्रीज बघावा तर नव्यासारखा. बर्फाचा मागमूस नाही, आत छान गार, आवाज बंद. पोराने आठवडाभर खोकावं आणि दवाखान्यात नेल्यावर टुणटुण उड्या माराव्यात, तसं झालं. ते म्हणाले, दार वारंवार उघडू नका, आणि गुडघ्याची एक गोष्ट सांगून गेले. पुढे काही दिवस फ्रीज खरंच झकास चालला. आम्ही म्हटलं, हात चांगला आहे बुवा यांचा. मग पुन्हा तेच. पुन्हा बोलावलं, पुन्हा फ्रीज धडधाकट. त्या वेळी त्यांनी दाराचं रबर बदललं, पुढच्या खेपेला पायाखाली लाकडाची चकती सारली, आणि त्याच्याही पुढच्या खेपेला विजेचा दाब कमीजास्त होतो असं सांगून चहा पिऊन गेले. दर वेळी फ्रीज त्यांच्यासमोर साधूसारखा उभा. त्यांच्या माघारी तो काय थेरं करतो हे मी हातवारे करून सांगायची, कर्रर्र आवाज तोंडाने काढून दाखवायची. शेवटी शेवटी ते माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागले. एकदा निघताना हळूच विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? वन्सं, मला स्वतःचीच शंका यायला लागली होती.

आणि खरा उलगडा कशामुळे व्हावा? तर फ्रीजवाले आपली टॉर्च फ्रीजवर विसरून गेले होते म्हणून. या सोमवारी दुपारी ते न कळवता, वाटेवरून जाता जाता टॉर्च न्यायला आले. मी दार उघडलं, ते चपला काढून सरळ स्वयंपाकघराकडे निघाले. आणि आई, ज्यांना चार पावलं चालायची तरी भिंतीचा आधार लागतो, त्या अशा तीरासारख्या पुढे आल्या आणि फ्रीजला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"आत्ता नको," त्या म्हणाल्या, "आत्ता तो दाखवण्यासारखा नाहीये. उद्या या, मी आवरून ठेवते."

मला आधी काही कळलंच नाही. फ्रीजवाल्यांना माझ्या आधी कळलं, कारण ते तिथेच स्टुलावर मटकन बसले. मग आईंनी, अगदी साधेपणाने, त्यात काही चूक असेल असं तोपर्यंत त्यांना वाटलंच नव्हतं म्हणून, सांगितलं की फ्रीजवाले येणार असं कळलं की त्या आदल्या दिवशीच फ्रीज बंद करायच्या. मी कपडे पोचवायला बाहेर पडले की सगळं सामान काढायचं, दार उघडं टाकायचं, बर्फ वितळू द्यायचा, पाणी टिपायचं, आत साबणाच्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, आणि मी यायच्या आत पुन्हा चालू. का, तर परका माणूस घरात येणार, आणि त्याच्यापुढे बर्फाने बरबटलेला फ्रीज ठेवायचा? तो काय म्हणेल, या घरातल्या बायका करतात काय? (बायका म्हणजे मी, हेही त्यात आलंच. पण त्या मला काही बोलल्या नाहीत, गुपचूप स्वतः पुसत राहिल्या. या गुपचूपपणाने जीव घेतला आमचा.) म्हणजे दर वेळी रोग्याला न्हाऊमाखू घालून, रोग घालवून मग डॉक्टरला बोलवायचं, असा प्रकार चालला होता. फ्रीजवाल्यांनी डोक्याला हात लावला. मग पहिल्यांदाच, एक शब्दही न बोलता, त्यांनी पिशवी उघडली.

वरच्या कप्प्याची मागची पट्टी त्यांनी काढली तेव्हा आत नळ्या दिसायलाच हव्या होत्या. दिसली ती नुसती बर्फाची भिंत. पंख्याची पाती त्या बर्फाला घासत होती, तोच तो कर्रर्र. (मी फ्रीजवाल्यांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.) त्यांनी समजावून सांगितलं ते मला समजलं तसं तुम्हाला सांगते. नळ्यांवर बर्फ साचतोच, तो वितळवायला आत एक छोटा हीटर असतो, तो ठरावीक वेळाने लागतो. आणि नळीला चिकटवलेला एक सेन्सर असतो, शेंगदाण्याएवढा, त्याचं काम एवढंच की आत किती थंड आहे ते सांगायचं. बर्फ वितळून नळी कोमट झाली असं त्याने सांगितलं की हीटर बंद. आपला सेन्सर बिघडलेला. नळ्या बर्फात गाडल्या गेल्या तरी तो बसल्या जागेवरून सांगत होता की छान ऊब आहे, हीटरची काही गरज नाही. म्हणून हीटर लागायचा आणि लगेच बंद व्हायचा, बर्फ वाढत जायचा, आणि गार वारा खालच्या कप्प्यात उतरायचाच नाही. खात्री करायला त्यांनी सेन्सर सोडवून आधी बर्फाच्या पाण्यात बुडवला, मग गरम पाण्याच्या वाटीत, आणि मीटर लावून दाखवलं: आकडा जागचा हलत नव्हता. मी इतके महिने ज्याला शोधत होते तो खोटारडा वाटीत पडला होता.

आता खरी गोष्ट. पट्टी काढायच्या आधी कप्पा रिकामा केला होता, सगळं सामान ओट्यावर मांडलं होतं. त्यात बर्फाची साय धरलेला एक खोका होता. बाबांच्या इन्सुलिनच्या पुढच्या बाटल्यांचा. तो असतो खालच्या फळीवर, मी स्वतः तिथे ठेवते. मी ओरडलेच, हा वर कोणी ठेवला? तर तुमचे बंधुराज, नुकतेच जेवायला घरी आलेले, अगदी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले की मीच ठेवतो, खाली गार राहत नाही ना म्हणून, जेव्हा जेव्हा लक्षात येतं तेव्हा वर सारतो. जेवढं थंड तेवढं औषध ताजं, हे त्यांचं शास्त्र. आणि आई म्हणाल्या, अगं हो, मी पुसायला काढते तेव्हा तो वरच सापडतो, मग मी तो परत खाली ठेवते, म्हटलं चुकून गेला असेल. म्हणजे तो खोका महिनोन् महिने वर जाऊन गोठत होता, खाली येऊन वितळत होता, आणि त्यातली बाटली, नवी लागली की आईच काढून देतात ती, रोज सकाळी सुईत भरून मी बाबांना देत होते. दिसायला नेहमीसारखंच, त्यामुळे मला कळणार कसं? खोका पालथा केला तर त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: गोठू देऊ नये. आम्ही तिघंही चांगले शिकलेसवरलेले, पण खोका वाचायचं कोणाला सुचलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन लावला (स्पीकरवर, अर्थातच). त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, गोठलेल्या इन्सुलिनचा जोर गेलेला असतो, ते सगळं टाकून द्या, आत्ताच्या आत्ता नवीन आणा, आणि डोस मी वाढवला होता तो आता नको, आधीचाच द्या, नाहीतर साखर एकदम खाली जाईल. मग म्हणाले, त्यांनी गोड खाल्लंच नसणार, मीही त्यांना बोललो होतो. मी फोन ठेवून मागे वळले तर स्वयंपाकघराच्या दारात बाबा उभे. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"मी सांगत होतो," ते म्हणाले.

मला रडू आलं, वन्सं, लपवत नाही. फ्रीजवाल्यांनी बर्फाचं पाणी टिपायला आणलेलं फडकं माझ्या हातात होतं, त्यालाच डोळे पुसले. आईंनी तो खोका उचलून केराच्या डब्यात टाकला. तुमचे बंधुराज भिंतीकडे बघत म्हणाले की बाबा, चुकलं, आणि ते जन्मात पहिल्यांदा म्हणाले असावेत, कारण शब्द त्यांना नीट जमला नाही. फ्रीजवाल्यांनीही बाबांची माफी मागून टाकली. त्यांचा या भानगडीशी काही संबंध नव्हता, पण सगळे मागतायत तर आपणही मागावी असं त्यांना वाटलं असावं.

आता सगळं छान आहे. नवा सेन्सर बसला, फ्रीज वर गोठवतो आणि खाली गार ठेवतो, जसं त्याने करायला हवं तसं. नवं औषध सुरू झालं, बाबांचा आकडा उतरायला लागलाय, आणि दवाखान्यात भरती करावी लागेल की काय ही जी टांगती तलवार होती ती गेली. मी कालपासून इतकी हलकी झालेय की उलट्या बाजूने बाही जोडली तरी मला राग आला नाही, उसवली आणि पुन्हा जोडली. आईंनी कपाटाची किल्ली बाबांच्या हातात आणून दिली. बाबांनी ती घेतली, आणि आता ती त्यांच्याकडेच असते. कुलूप तसंच आहे. रोज चहाच्या वेळी ते स्वतः कपाट उघडतात, आम्हा तिघांना मोजून बिस्किटं देतात, आणि तुमच्या भावाने जास्तीचं मागितलं तर त्याच्या वजनावर दोन शब्द ऐकवतात. आम्ही मुकाट्याने खातो. न्यायाने त्यांचीच पाळी आहे.

बाकी विशेष काही नाही. पाठीला शेक द्या. भावोजींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. उत्तर पाठवलंत तर पाकिटावर माझंच नाव घाला.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. खरं सांगायचं ते वर राहूनच गेलं. राहून गेलं कसलं, धीर होईना. तुम्ही रविवारी फोन कराल, आम्ही बातमी सांगू, तुम्ही लगेच माफी मागाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पण मागू नका. बाबांनी जाहीर केलंय की आमच्या माफ्या पोचल्या, तुमची बाकी आहे, आणि ती फोनवर चालणार नाही. फोनवर शिक्षा सुनावली म्हणून काय माफीही फोनवर? समोर येऊन, खुर्चीत बसून मागावी, असा हुकूम आहे. सुट्टी मिळत नाही असं कारण तुम्ही सांगाल, तर ते ऐकून घेतलं जाणार नाही असंही त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

ता. क. दुसरा. त्यांना माफीबिफी काही नको आहे हो. तुम्ही आलात त्याला किती दिवस झाले, आठवतंय का? आम्ही सगळे बोललो, खिसे तपासले, कुलपं घातली, त्याचं त्यांना एवढं लागलं नाही. तुमच्या एका वाक्याचं लागलं, कारण त्यांना तुमचं लागतं. दोन दिवस या, वन्सं. शाळा दोन दिवसांत कुठे पळून जात नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पकडले गेले. बाबा कधी मागे येऊन उभे राहिले कळलंच नाही, आणि त्यांनी पहिला ताजा कलम वाचलासुद्धा. आता म्हणतात, कोणी सांगितलं तुला एवढं कडक लिहायला? मी म्हटलं, तुम्हीच. तर म्हणाले, खोड ते. मी शाईचं खोडत नाही म्हटल्यावर खिडकीकडे वळले आणि, माझ्याकडे न बघता, खाली लिही म्हणाले. ते सांगतात तसंच लिहिते: "तिला जमत नसेल तर राहू दे, कामाची बाई आहे. पण येणार असेल तर गाडी कधीची ते आधी कळवायला सांग. मी स्टेशनवर येईन."